गांजावरील बंदी आणि एनडीपीएस कायदा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फौजदारी न्यायालयांत वकिली करताना आणि पालकांच्या, शिक्षकांच्या बैठकांत बोलताना जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते उत्तरांसह येथे एकत्र केले आहेत. माझी भूमिका सुरुवातीलाच सांगतो. गांजा ओढणाऱ्याला गुन्हेगार ठरवणारा कायदा बदलला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. गांजा चांगला आहे असे मात्र मी कुठेही म्हणत नाही.

तुमची मागणी नेमकी काय आहे? गांजा पानटपरीवर मिळावा, असे तुम्हाला वाटते का?

नाही. स्वतःच्या सेवनासाठी थोडा गांजा बाळगणे किंवा ओढणे हा फौजदारी गुन्हा राहू नये, ही पहिली मागणी आहे आणि ती पूर्ण करण्यासाठी संसदेची एक दुरुस्ती पुरेशी आहे. त्यानंतर लागवड आणि विक्री सरकारी परवान्याखाली, वयाची अट घालून, मादक घटकाच्या तीव्रतेवर मर्यादा ठेवून आणि जाहिरातीला संपूर्ण मज्जाव करून, टप्प्याटप्प्याने कायद्याच्या कक्षेत आणावी, ही दुसरी मागणी आहे. या दुसऱ्या टप्प्याची घाई करू नये. तस्करी, अल्पवयीन मुलांना विक्री आणि नशेत वाहन चालवणे हे आज गुन्हे आहेत आणि पुढेही गुन्हेच राहिले पाहिजेत.

आज कायदा काय सांगतो?

ज्याला आपण एनडीपीएस म्हणतो, तो अमली पदार्थविषयक केंद्रीय कायदा १९८५ चा आहे. त्यात गांजाची शिक्षा पकडलेल्या वजनावर ठरते. एक किलोपर्यंतचे प्रमाण अल्प मानले जाते आणि त्यासाठी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. वीस किलोपेक्षा अधिक प्रमाण व्यापारी ठरते, आणि तेथे किमान शिक्षा दहा वर्षे, कमाल वीस वर्षे, शिवाय एक ते दोन लाख रुपये दंड आहे. मधल्या प्रमाणासाठी दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नुसते सेवन सिद्ध झाले तरी कलम २७ खाली सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. शिक्षेची ही उतरंड २००१ च्या दुरुस्तीने आली.

शिक्षेइतकाच जाच जामिनाचा आहे. व्यापारी प्रमाणाच्या प्रकरणात कलम ३७ लागू होते, म्हणजे आरोपी दोषी नाही असे मानण्यास वाजवी कारण आहे आणि बाहेर आल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी न्यायालयाची खात्री पटल्याशिवाय जामीन मिळत नाही. खटला सुरूही झालेला नसताना अशी खात्री कशी पटवायची, याचे समाधानकारक उत्तर मला इतक्या वर्षांत सापडलेले नाही. त्यात कलम ३५ आणि ५४ ही गृहीतके आरोपीच्या विरोधात धरतात. माल त्याच्या ताब्यात मिळाला हे दिसले की त्याला त्याची जाणीव होती असे धरून चालतात, आणि तसे नव्हते हे त्याने सिद्ध करायचे असते. ट्रकमधील ताडपत्रीखाली काय भरले आहे हे ठाऊक नसलेल्या क्लीनरच्या वाट्याला हे काम किती जड जाते, ते वेगळे सांगायला नको.

भांग चालते आणि गांजा चालत नाही, हे कसे?

कायद्यातील व्याख्येमुळे. एनडीपीएसच्या दृष्टीने झाडाचा फुलोरा किंवा फळे आलेला शेंडा म्हणजे गांजा, आणि झाडातून काढलेली राळ म्हणजे चरस. शेंड्यासोबत नसलेली पाने आणि बिया या व्याख्येतून वगळल्या आहेत. भांग पानांची असते, त्यामुळे ती केंद्रीय कायद्याच्या बाहेर राहते आणि राज्यांच्या अखत्यारीत जाते. वाराणसीत किंवा जैसलमेरमध्ये सरकारी परवान्याची भांगेची दुकाने उघडपणे चालतात, तर महाराष्ट्रात भांग १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या नियंत्रणाखाली येते. ही वगळणूक १९६१ च्या अमली पदार्थविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या मसुद्यातही आहे, आणि तीत भारतातील चालीरीतींचा विचार होता. महाशिवरात्रीची ठंडाई आणि साधूची चिलीम एकाच झाडाची असली, तरी ठंडाई घेणारा भाविक ठरतो आणि चिलीम ओढणारा आरोपी.

पूर्वी भारतात गांजाबाबत काय धोरण होते?

हा इतिहास आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही, म्हणून थोडा विस्ताराने सांगतो.

ब्रिटिश संसदेत भारतातील गांजाविषयी प्रश्न उपस्थित झाल्यावर १८९३ मध्ये सरकारने एक आयोग नेमला. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते आणि सात सदस्यांपैकी तीन भारतीय होते. आयोगाने देशभर फिरून ११९३ साक्षी नोंदवल्या. साक्षीदारांत डॉक्टर, वैद्य, जमीनदार, मिशनरी, अबकारी अधिकारी असे सर्व थरांतील लोक होते. १८९४ मध्ये आयोगाने अनेक खंडांचा अहवाल दिला, आणि माझ्या मते या विषयावर आपल्या देशात इतके कष्टाचे काम आजवर दुसरे झालेले नाही.

त्या अहवालातील वेड्यांच्या इस्पितळांविषयीचा भाग मुद्दाम वाचण्याजोगा आहे. गांजाने वेड लागते हा त्या काळातला मुख्य आरोप होता आणि त्याला आधार इस्पितळांच्या नोंदवह्यांचा दिला जात असे. रुग्ण दाखल करताना भरायच्या तक्त्यात वेडाच्या कारणाचा एक रकाना असे. रुग्णाला बहुधा पोलीस घेऊन येत, त्याचे नातेवाईक सापडलेले नसत, आणि कारण ठाऊक नसले की त्या रकान्यात गांजा लिहून अधिकारी मोकळे होत. वर्षाअखेरीस त्याच रकान्याची बेरीज होऊन ती सरकारी आकडेवारी म्हणून छापली जाई. आयोगाने एका वर्षाच्या अशा नोंदी एकेक करून तपासल्या, चौकशी केली, आणि निम्म्याहून अधिक नोंदी टिकल्या नाहीत. काही टिकल्या, आणि आयोगाने ते प्रामाणिकपणे लिहून ठेवले.

आयोगाचा निष्कर्ष असा होता की माफक सेवनाचे दुष्परिणाम जवळजवळ नाहीत, अतिसेवन घातक आहे, संपूर्ण बंदी आवश्यकही नाही आणि हिताचीही नाही, म्हणून कर आणि परवाने यांच्या आधारे सेवन आटोक्यात ठेवावे. ही व्यवस्था तेव्हा अस्तित्वात होतीच. बंगालमध्ये नौगाव, मध्य प्रांतात खांडवा आणि आपल्याकडे अहमदनगर भागात गांजाची लागवड होत असे आणि परवानाधारक दुकानांतून तो विकला जाई. स्वातंत्र्यानंतरही काही राज्यांत अशी दुकाने १९८५ पर्यंत टिकून होती.

मग ही बंदी आली कशामुळे?

मुख्यतः आंतरराष्ट्रीय करारांमुळे. १९२५ मध्ये जिनिव्हाच्या अफूविषयक करारात गांजाचा समावेश झाला. १९६१ च्या करारात तो हेरॉईनच्या पंगतीत सर्वांत कडक यादीत जाऊन बसला. ज्या देशांत गांजाची परंपरा होती, त्यांना बिगरवैद्यकीय वापर थांबवण्यासाठी करार अमलात आल्यापासून, म्हणजे १९६४ पासून, पंचवीस वर्षांची मुदत होती. ती १९८९ मध्ये संपणार होती. ऑगस्ट १९८५ मध्ये संसदेत मांडलेले विधेयक १६ सप्टेंबरला राष्ट्रपतींच्या संमतीने कायदा झाले आणि १४ नोव्हेंबर १९८५ पासून देशभर लागू झाले.

त्या वर्षांत मुंबई-पुण्यात गर्दने, म्हणजे हेरॉईनच्या भुकटीने, थैमान घातले होते, घरेच्या घरे उद्ध्वस्त होत होती, आणि काहीतरी कठोर करायला हवे ही लोकभावना खरी होती. पुण्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये याच वेदनेतून उभे राहिले. परंतु गर्दसाठी उगारलेली काठी गांजावरही तितक्याच जोराने पडली. आजही चिलीम ओढणाऱ्याला आपली वर्तमानपत्रे सर्रास ‘गर्दुल्ला’ म्हणतात, हा त्याच गल्लतीचा अवशेष आहे.

गांजा निरुपद्रवी आहे का?

नाही, आणि तसे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. पौगंडावस्थेत मेंदूची वाढ चालू असताना गांजा ओढल्यास स्मरणशक्ती, एकाग्रता आणि अभ्यास यांवर परिणाम होतो. रोज आणि अधिक तीव्रतेचा गांजा ओढणाऱ्यांत मनोविकृतीचा धोका वाढतो, विशेषतः घराण्यात स्किझोफ्रेनियाचा इतिहास असेल तर. गरोदरपणात तो टाळलाच पाहिजे. तो घेऊन वाहन चालवू नये. त्याचे व्यसनही लागते. अमेरिकेतील एका प्रसिद्ध राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार गांजा कधीतरी घेतलेल्यांपैकी सुमारे ९ टक्के लोक पुढे त्यावर अवलंबून झाले. त्याच सर्वेक्षणात हे प्रमाण दारूसाठी १५, हेरॉईनसाठी २३ आणि तंबाखूसाठी ३२ टक्के होते.

अपायकारक वस्तूवर बंदी घालण्यात चूक काय?

बंदीने वस्तू नाहीशी होत असती तर मी या प्रश्नावर वाद घातला नसता. सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्समार्फत केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार वर्षभरात सुमारे ३ कोटी १० लाख भारतीयांनी भांग, गांजा किंवा चरस यांपैकी काहीतरी घेतले होते, आणि त्यांपैकी सुमारे १ कोटी ३० लाख लोकांनी बंदी असलेला गांजा किंवा चरस घेतला होता. कायदा होऊन तेव्हा तेहतीस-चौतीस वर्षे झाली होती. त्याच सर्वेक्षणात दारू पिणारे १६ कोटी निघाले. व्यसनासाठी मदतीची गरज असलेले लोक दारूच्या बाबतीत सुमारे ५ कोटी ७० लाख आणि गांजा-भांगेच्या बाबतीत सुमारे ७२ लाख होते.

मला त्या अहवालातील सर्वांत अस्वस्थ करणारी ओळ उपचारांविषयीची वाटते. अवैध अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्यांपैकी फारच थोड्यांना उपचार मिळाले होते. पोलीस ठाणे प्रत्येक तालुक्यात आहे, आणि व्यसनमुक्तीची खाट असलेला वॉर्ड शोधायला अनेक जिल्ह्यांत दिवस घालवावा लागतो. बंदीची खरी किंमत मोजायची तर या दोन गोष्टी शेजारी ठेवून मोजावी.

कायद्याचा मार प्रत्यक्षात कोणावर बसतो?

२०२२ मध्ये एनडीपीएसखाली देशभरात एक लाख पंधरा हजारांहून अधिक गुन्हे नोंदले गेले. त्यात केरळचा क्रमांक पहिला आणि महाराष्ट्राचा दुसरा होता. मुंबईच्या न्यायदंडाधिकारी न्यायालयांतील २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांच्या दहा हजारांहून अधिक प्रकरणांचा अभ्यास विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने केला. त्यातील सुमारे ८७ टक्के प्रकरणे गांजा-चरसाची होती आणि जवळपास सगळी वैयक्तिक सेवनाची. पकडले गेलेले बहुतेक जण पदपथावर किंवा झोपडपट्टीत राहणारे, हातावर पोट असलेले होते.

यातील एक सकाळ कशी असते ते सांगतो. रात्री पुलाखाली किंवा मैदानाच्या कोपऱ्यात चार मुले सापडतात. त्यांची बोटे हुंगली जातात, चिलीम आणि अर्धवट जळालेली सिगारेट पाकिटात घालून मोहोरबंद होते, दोन पंच बोलावले जातात, सरकारी रुग्णालयात रक्त आणि लघवीचे नमुने घेतले जातात. दुसऱ्या दिवशी न्यायालयाच्या व्हरांड्यात ती मुले भिंतीला टेकून बसलेली असतात. कोणाचा नाक्यावरचा रोज बुडालेला असतो, कोणाची आई शेजारणीकडून उसने पैसे घेऊन आलेली असते. गुन्हा कबूल केलास तर दंड भरून आज संध्याकाळी घरी जाशील, नाहीतर तारखा पडत राहतील, हे कोणीतरी कानात सांगतो. मुलगा मान डोलावतो. दोन मिनिटांत सगळे संपते आणि त्याच्या नावावर अमली पदार्थांच्या कायद्याखालील दोषसिद्धी कायमची लागते. पुढे सुरक्षारक्षकाची नोकरी असो की पासपोर्टची पडताळणी, ती नोंद त्याच्या पुढे पुढे चालते. अशा एका मुलाने मला विचारले होते की, माझे चुकले हे मान्य आहे, पण माझा चोर कोण? म्हणजे मी कोणाचे काय नेले? त्याला देण्याजोगे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

मोठ्या सोसायटीच्या गच्चीवर तोच गांजा ओढणाऱ्या मुलापर्यंत पोलिसांची गस्त सहसा पोहोचत नाही.

गांजा पिकवणारे शेतकरी तर नफ्यासाठीच हे करतात. त्यांच्याविषयी सहानुभूती का असावी?

कपाशीत, तुरीत किंवा उसात लपवून गांजाची झाडे लावल्याच्या बातम्या धुळे-जळगावपासून सोलापूर-सांगलीपर्यंत दरवर्षी येतात. २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने तर कोणत्याच पिकाला भाव मिळत नाही असे सांगून गांजा लावण्याची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडे रीतसर मागितली होती. हा मनुष्य कायदा मोडत नव्हता, अर्ज करत होता, हे लक्षात घ्यावे.

येथे वजनाचा प्रश्न उभा राहतो, आणि बाहेरच्या माणसाला तो सहसा ठाऊक नसतो. व्याख्येप्रमाणे गांजा म्हणजे केवळ फुलोरा आलेला शेंडा. परंतु शेतात छापा पडतो तेव्हा हिरवी, ओली झाडे मुळासकट उपटली जातात, माती झटकली जाते आणि देठ, पाने, मुळे यांसह सगळा भारा काट्यावर चढतो. लागवडीचा गुन्हा वजनावर अवलंबून नाही आणि त्याची शिक्षा दहा वर्षांपर्यंत आहे. परंतु सोबत व्यापारी प्रमाण बाळगल्याचे कलम लागले की कलम ३७ ची आडकाठी येते, आणि ओल्या झाडांचे वीस किलो भरायला फार झाडे लागत नाहीत. शेंडे वेगळे करून वजन का केले नाही, असा प्रश्न उच्च न्यायालयांनी अनेक जामीन आदेशांत विचारला आहे आणि त्या आधारे जामीनही दिले आहेत. मात्र उच्च न्यायालयापर्यंत जाण्याचा खर्च करण्यासाठी त्या शेतकऱ्याला जमिनीचा तुकडा गहाण टाकावा लागतो.

गांजा ही पुढच्या घातक नशेची पहिली पायरी आहे ना?

हेरॉईन घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आधी गांजा ओढलेला असतो हे खरे आहे. त्यांनी त्याआधी तंबाखू मळलेली असते आणि दारूही घेतलेली असते. उलट बाजूने पाहिले तर गांजा ओढणारे बहुसंख्य लोक पुढे गर्दकडे वळत नाहीत. जी पायरी मला प्रत्यक्षात दिसते ती विक्रेत्याची आहे. ज्याच्याकडून गांजाची पुडी घ्यावी लागते, त्याच्याच खिशात एमडी या रासायनिक नशेची पुडी आणि ‘कुत्ता गोळी’ म्हटल्या जाणाऱ्या गुंगीच्या गोळ्यांची पट्टीही असते, आणि गांजा नसेल त्या दिवशी तो दुसरे काहीतरी हातावर ठेवतो. ग्राहकाचे वय विचारण्याचे किंवा मालात काय मिसळले आहे हे सांगण्याचे बंधन त्याच्यावर नाही.

पण आता खरी समस्या एमडीची आहे. अशा वेळी कायदा सैल करणे धोक्याचे नाही का?

एमडी म्हणजे मेफेड्रोन, आणि ते आपल्या राज्यात खरोखरच भयंकर वेगाने पसरले आहे. २०१५ मध्ये ते एनडीपीएसच्या यादीत आले. २०२३ मध्ये नाशिकमध्ये आणि २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यातील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत त्याचे कारखाने उघडकीस आले. गांजा अवजड असतो, त्याला वास येतो, तो लपवायला कठीण जातो. एमडीची मूठभर भुकटी खिशातून नेता येते आणि तिला जमीन, पाऊस, हंगाम काहीच लागत नाही. पकडले जाण्याचा धोका तोच असेल, तर व्यापारी लहान आकाराच्या आणि अधिक तीव्र मालाकडे वळणारच. दारूबंदीच्या काळात सगळीकडे हेच झाले, आणि हातभट्टीचा अनुभव तर आपल्याला आहेच. म्हणूनच माझे म्हणणे उलट आहे. चिलमीच्या मागे धावणारे मनुष्यबळ, प्रयोगशाळांतील परीक्षणाच्या रांगा आणि न्यायालयांच्या तारखा मोकळ्या झाल्या, तर त्या रासायनिक कारखान्यांच्या मागे लावता येतील.

इतर देशांत काय अनुभव आला?

पोर्तुगालने १ जुलै २००१ पासून सर्वच अमली पदार्थांचे वैयक्तिक सेवन गुन्ह्यातून काढले. तेथे ते आजही बेकायदा आहे, परंतु दहा दिवसांच्या वापरापुरता माल सापडलेला माणूस न्यायालयाऐवजी कायदा, आरोग्य आणि समाजकार्य या क्षेत्रांतील तिघांच्या समितीपुढे जातो. सोबत उपचारांवर मोठा खर्च केला गेला. सुईतून नशा करणाऱ्यांमधील एचआयव्हीची नवी लागण तेथे झपाट्याने घटली.

उरुग्वेने डिसेंबर २०१३ मध्ये जगात प्रथम गांजाची संपूर्ण साखळी कायद्याखाली आणली, आणि तीही अतिशय आखडत्या हाताने. नोंदणी केलेल्या रहिवाशाने घरी सहा झाडे लावावीत, सदस्यांच्या मंडळात सामील व्हावे किंवा औषध दुकानातून महिन्याला जास्तीत जास्त ४० ग्रॅम घ्यावा, यांपैकी एकच मार्ग निवडता येतो. जाहिरात नाही, पर्यटकांना विक्री नाही. भारतासाठी विचार करायचा झाला तर मला हेच प्रारूप सर्वांत जवळचे वाटते. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून परवानाधारक विक्री सुरू केली. तेथील बहुसंख्य ग्राहक आज कायदेशीर दुकानाकडे वळले आहेत, परंतु गांजायुक्त गोळ्या-चॉकलेटे लहान मुलांनी चुकून खाल्ल्याच्या घटना वाढल्या, आणि हा इशारा गांभीर्याने घेतला पाहिजे. जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून प्रौढांना घरी तीन झाडे लावण्याची मुभा दिली.

थायलंड आणि ओरेगॉन यांनी तर माघार घेतली!

घेतली, आणि त्यातून शिकण्यासारखे बरेच आहे. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, पण विक्रीचे नियम ठरवणारा कायदा आधी केलाच नाही. गल्लोगल्ली दुकाने उघडली, आणि २०२५ मध्ये सरकारने पुन्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घातली. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याचे प्रकरण वेगळे आहे. तेथे २०२० च्या जनमताने हेरॉईनसह सर्व पदार्थ बाळगणे गुन्ह्यातून काढले गेले, उपचारांचा पैसा मात्र वेळेवर पोहोचला नाही, आणि त्याच काळात फेंटानिल या अतितीव्र रासायनिक नशेची लाट आली. २०२४ मध्ये राज्याने ते पदार्थ पुन्हा गुन्ह्यात आणले, परंतु गांजा तेथे आजही कायदेशीर आहे. आधी उपचारांची आणि नियमांची तयारी, मग मोकळीक, हा क्रम या दोन्ही ठिकाणी चुकला.

आंतरराष्ट्रीय करारांनी आपले हात बांधलेले नाहीत का?

पूर्णपणे नाहीत. सेवन करणाऱ्याला शिक्षेऐवजी उपचार देण्याची मुभा करारांतच आहे. विक्रीला परवानगी देण्याचा मुद्दा अधिक अवघड आहे, हे मान्य करावे लागेल. तरीही वारे बदलत आहे. २ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या व्हिएन्ना येथील अमली पदार्थविषयक आयोगाने गांजाला हेरॉईनसोबतच्या सर्वांत कडक यादीतून बाहेर काढले. ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी संमत झाला, आणि बाजूने मत देणाऱ्यांत भारत होता. व्हिएन्नामध्ये आपण जे मान्य केले, ते आपल्या कायद्यात उमटलेले नाही.

महाराष्ट्रातील स्त्रियांनी दारूविरुद्ध लढे दिले. तुमची मागणी त्यांच्या विरोधात जात नाही का?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो विचारणाऱ्या बायकांनी व्यसनी नवरा आणि मुलगा सोसलेला असतो. त्यांना मी ‘आडव्या बाटली’ची आठवण करून देतो. आपल्या राज्यात गावातील पंचवीस टक्के महिलांनी किंवा मतदारांनी मागणी केली तर दारूच्या दुकानासाठी मतदान घ्यावे लागते, मतपत्रिकेवर उभी आणि आडवी बाटली असते, आणि एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिकांनी आडवी बाटली निवडली की दुकान बंद होते. कितीतरी गावांतील बायकांनी भांडून, मोर्चे काढून, पदर खोचून हे करून दाखवले आहे. परंतु ही ताकद परवाना असलेल्या दुकानापुढेच चालते. हातभट्टीवाल्याला किंवा गांजाच्या पुडीवाल्याला मतदानाने हटवता येत नाही, कारण त्याचा परवानाच नसतो. गांजाची विक्री कधी परवान्याखाली आली, तर पहिल्या दिवसापासून गावाला आणि वॉर्डाला हाच नकाराधिकार असला पाहिजे, आणि तो नसेल तर मी स्वतः त्या कायद्याला विरोध करीन.

मुलांच्या हाती गांजा अधिक सहज येणार नाही का?

आज तो महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर मिळतो, आणि तेथे ओळखपत्र कोणी मागत नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात जानेवारी २०१४ पासून प्रौढांना विक्री सुरू झाली, तेव्हा शाळकरी मुलांमध्ये वापर उसळेल अशी मोठी भीती होती. राज्याच्या स्वतःच्या सर्वेक्षणांत तशी उसळी दिसली नाही. तरी वयाची अट एकवीसच्या खाली असू नये, असे माझे मत आहे.

औषधी उपयोगाचे काय?

आयुर्वेदात ही वनस्पती ‘विजया’ म्हणून ओळखली जाते. १८३९ मध्ये ओशॉनेसी या डॉक्टरने कलकत्त्यात तिच्यावर प्रयोग करून पाश्चात्त्य वैद्यकाला तिची ओळख करून दिली. २०१८ मध्ये अमेरिकेने अपस्माराच्या दोन दुर्मीळ प्रकारांसाठी गांजातील सीबीडी या घटकापासून बनवलेल्या औषधाला मान्यता दिली. जम्मूतील केंद्र सरकारची संशोधन संस्था परवान्यासह गांजाची लागवड करून वेदनाशामक औषधांवर काम करत आहे. कर्करोगापासून मधुमेहापर्यंत सगळे बरे होते, असे सांगणाऱ्या तेलांच्या बाटल्यांपासून मात्र दूर राहावे. कडक कायद्याने रुग्ण कसे भरडले जातात हे मॉर्फिनच्या बाबतीत दिसले आहे. १९८५ नंतर परवान्यांच्या जंजाळात त्याचा वैद्यकीय वापर कोसळला, आणि शेवटच्या अवस्थेतील कर्करोगाचे रुग्ण वेदनेने तळमळत राहिले. तो फास २०१४ च्या दुरुस्तीने थोडा सैल झाला.

राज्य सरकारला काही करता येते का, की सगळे दिल्लीच्या हातात आहे?

सेवनाचा गुन्हा रद्द करणे संसदेच्या हातात आहे. परंतु कलम १० खाली लागवडीचे परवाने आणि नियम करण्याचा अधिकार राज्यांना आहे, आणि कलम १४ खाली धागा व बिया यांसाठी लागवडीला मुभा देता येते. उत्तराखंडने २०१८ मध्ये असे परवाने सुरू केले. हिमाचलच्या विधानसभेने २०२४ मध्ये औषधी आणि औद्योगिक लागवडीच्या बाजूने ठराव केला. गोव्यात २०२० च्या अखेरीस औषधी लागवडीचा प्रस्ताव पुढे आला आणि विरोध होताच मागे पडला. महाराष्ट्राने निदान पोलिसांच्या प्राधान्यक्रमात बदल करून सेवनाच्या गुन्ह्यांऐवजी पुरवठादारांवर भर दिला, तरी हजारो तरुण दोषसिद्धीच्या शिक्क्यापासून वाचतील. त्यासाठी दिल्लीकडे पाहण्याची गरज नाही.

मुलगा अमेरिकेत किंवा कॅनडात आहे. तेथे कायदेशीर मिळणाऱ्या गोळ्या येताना आणता येतील का?

मुळीच नाही. मादक घटक असलेल्या गोळ्या, चॉकलेटे किंवा तेल घेऊन भारतात उतरणे हा आयातीचा गुन्हा आहे आणि परदेशातील पावती येथे कामाला येत नाही. अमेरिकेत राज्याने परवानगी दिली असली तरी संघराज्याच्या कायद्याने गांजा बेकायदाच आहे, आणि व्हिसा किंवा नागरिकत्वाच्या मुलाखतीत सेवनाची कबुली महागात पडू शकते.

घरात कोणी अडकले असेल तर आज काय करावे?

पोलिसांना बोलावून धडा शिकवण्याचा विचार मनातून काढून टाकावा. मी असे वडील पाहिले आहेत, ज्यांनी रागाच्या भरात स्वतः मुलाला ठाण्यात नेले आणि नंतर वर्षभर तारखांना त्याच्यासोबत उभे राहिले. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची १४४४६ ही निःशुल्क हेल्पलाइन आहे, आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे. गुन्हा दाखल झालाच असेल तर वकिलाला कलम ६४अ विषयी आवर्जून विचारावे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या प्रकरणातील व्यसनी व्यक्तीने सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात स्वेच्छेने उपचार घेतले, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार मात्र पूर्ण करावे लागतात, अन्यथा ते संरक्षण काढून घेतले जाते. हे कलम पुस्तकात आहे, पण न्यायालयात ते क्वचितच कोणी मागते, म्हणून पहिल्याच तारखेला अर्ज द्यावा आणि कबुलीची घाई करू नये.